महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी

परवा माझ्या नातीनं फोनवर काहीतरी वाचून दाखवलं. म्हणे येत्या काही वर्षांत रक्ताचा एक थेंब घेतला की कॅन्सर कुठे उगवणार ते आधीच कळेल. बाईला स्वतःला काही जाणवायच्या आत. मुलींसाठी लस तर निघालीच आहे. नात फार खुशीत होती. मी म्हटलं, छान आहे, कळू दे. पण कळल्यावर माणसं काय करणार, तेही लिहिलंय का त्यात? ती म्हणाली, "आजी, तू प्रत्येक गोष्टीत खोट काढतेस." काढते. या वयात तेवढंच एक काम मला नीट जमतं.

आमच्या अमरावतीच्या घरात कसलंही यंत्र नव्हतं. तरी घरातल्या कोणत्या बाईचं कोणत्या तिथीला काय झालं, हे सात माणसांना, दोन शेजारणींना आणि भाजीवालीला त्याच दिवशी सकाळी ठाऊक असे. इतकी चोख तपासणी आजच्या मोठ्या दवाखान्यातही होत नसेल. तिचा उपयोग एकच. आज लोणच्याच्या बरणीला कोणी हात लावायचा नाही, ते ठरायचं.

मोठे काका याज्ञिक होते. अर्ध्या अमरावतीची लग्नं, मुंजी, श्राद्धं त्यांच्या हातून व्हायची. माझे वडील शाळामास्तर; शाळेत पोरांवर ओरडायचे आणि घरी मोठ्या भावापुढे मान डोलवायचे. घरात विटाळ कडक पाळला जाई. ज्या बाईची पाळी असेल तिनं मागच्या पडवीत न्हाणीजवळच्या चटईवर तीन दिवस बसायचं, ताट-तांब्या वेगळा, चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन आत यायचं. मी तेरा वर्षांची झाले तेव्हा मलाही त्या चटईवर बसवलं आणि त्या दिवसापासून माझी तिथीही सगळ्या घराची झाली. वडील समोरून जाताना वर आढ्याकडे बघत जायचे. आढ्यावर काहीही नव्हतं.

या सगळ्यातून सुटलेली घरात एकच बाई होती, मोठी काकू. तिची पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती. ऋषिपंचमीचं व्रत बायका विटाळात चुकून झालेल्या शिवाशिवीसाठी करतात. काकूनं त्याचंही उद्यापन थाटात करून टाकलं होतं. तेव्हापासून तिचा भाव वाढला होता. केव्हाही सोवळ्यात उभी राहू शकेल अशी सुगरण आणि सवाष्ण! काकांच्या यजमानांकडची बोलावणी तिलाच आधी येत. पुरणाचा अख्खा घाट ती एकटी उतरवायची, आणि घामानं निथळत असतानाही तोंडानं काहीतरी गुणगुणत असायची. आम्हा पोरींना ती गुपचूप गरम पुरणाचा गोळा द्यायची आणि म्हणायची, "खाय पटकन, नैवेद्य व्हायचा हाये अजून." देवाआधी मला खाऊ घालणारी त्या घरात ती एकटीच होती. मला ती आईपेक्षा थोडी जास्तच आवडायची. हे मी आईलाही सांगितलं होतं.

मी मॅट्रिकच्या वर्गात होते त्या भाद्रपदातली गोष्ट. ऋषिपंचमी झाली होती आणि दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्या यायच्या होत्या. सोळा भाज्या, आंबील, पुरण, फुलोरा, सगळं काकूच्या हातचं. सकाळी पाहते तर काकू मागच्या पडवीत चटईवर बसलेली. चेहरा चोरट्यासारखा. आईनं मला डोळ्यानंच गप्प केलं.

घरात हाहाकार उडाला. काकूला काय झालं म्हणून नव्हे, महालक्ष्म्यांचं पुरण कोण घालणार म्हणून. काका ओसरीवर येरझाऱ्या घालत होते आणि उद्यापन झालेल्या बाईला असं होतंच कसं, यात शास्त्राचा कुठला नियम मोडला, असा त्यांचा जीव कासावीस झाला होता. शेजारच्या दोघी पदराआड तोंड लपवून हसल्या. एक म्हणाली, "काकू पुन्हा जवान झाल्या वाटते!" काकूही हसली. हसण्याशिवाय तिला दुसरं काय करता येणार होतं?

एकाच बाईला ते हसण्यासारखं वाटलं नाही. आमच्याकडे रोज एक माळीण मागच्या दारानं भाजी घेऊन यायची. महालक्ष्म्यांची भाजी म्हणून त्या दिवशी टोपली गच्च भरलेली होती. ती टोपली उतरवता उतरवता चटईकडे पाहत राहिली.

"अवो काकू, तुमचं तं बंद झालतं ना? मंग आता कावून बसल्या भाईर?"

"उष्णता झाली गं," काकू म्हणाली.

"कायची उष्णता! माया सासूले बी असंच झालतं. आमीबी उष्णताच म्हनलं. वर्सभरात मरून गेली थे. तुमी दवाखान्यात दाखवून या, मी सांगून राह्यली."

काका आतून ऐकत होते. त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "तिला म्हणावं, भाजी दे आणि जा." तिनं भाजी दिली आणि गेली. संपूर्ण अमरावतीत त्या दिवशी बरोबर निदान करणारी ती एकटी होती आणि तिला आमच्या घराचा उंबरठा ओलांडायची परवानगी नव्हती.

पुढच्या महिन्यात नवरात्रात पुन्हा तेच झालं. मग मध्येच, पंधरा दिवसांनी. मग सात-आठ दिवस. काकू उठून चटईवर, चटईवरून उठून चुलीपाशी. काकांची बोलावणी अडायला लागली. एका यजमानाकडच्या श्राद्धाला दुसरी स्वयंपाकीण न्यावी लागली आणि तिनं कढी फोडली. काकांना ती कढी इतकी झोंबली की ते पोथ्या काढून बसले. दोन संध्याकाळी बसले. कार्तिकात त्यांनी निर्णय दिला. उद्यापन झालेल्या, वय उलटलेल्या बाईला जे जातं तो विटाळच नव्हे. ती शरीराची उष्णता. पंचगव्याचा घोट घ्यावा, स्नान करावं आणि सोवळ्यात उभं राहावं. हरकत नाही.

माझ्या जन्मापासून त्या घरात एका बाईला चटईवरून उठवणारा तो पहिला निर्णय. आई तर म्हणाली, "भावजी कितीही कडक असले तरी मन मोठं आहे." मलाही तेव्हा तसंच वाटलं. मूर्खच होते मी. काकू चटईवर बसत होती तोवर निदान दिसत तरी होतं. भाजीवालीला दिसत होतं, शेजारणींना दिसत होतं, उद्या एखाद्या शहाण्या पाहुणीलाही दिसलं असतं. काकांच्या शास्त्रानं ते विटाळातून काढलं आणि त्याबरोबर आमच्या नजरेतूनच काढून टाकलं. पुढे तिला काय जातं, किती जातं, हे कोणी विचारायचं कारणच उरलं नाही. लोणच्याची बरणी सुरक्षित होती ना, बस.

उष्णतेवर उपचार मात्र झाले हो. गुलकंद झाला, मोरावळा झाला, वाळ्याचं पाणी झालं, रात्री भिजवलेला सब्जा झाला. वऱ्हाडच्या उन्हात राहणाऱ्या माणसाला कुठल्याही रोगाला उष्णता म्हणायची मोठी सोय असते. काकू निमूटपणे सगळं घ्यायची. ती वाळायला लागली होती, पण सोवळ्याच्या धाबळीत बाई वाळली की जाडी झाली ते कळतं कोणाला!

मॅट्रिक झाल्यावर मला अकोल्याला मामांकडे कॉलेजला पाठवलं. अमरावतीत कॉलेज नव्हतं असं नाही. पण मी मुलांबरोबर वर्गात बसलेली काकांच्या यजमानांना दिसली असती. अकोल्यात मी कोणाबरोबरही बसले तरी यजमानांना दिसणार नव्हतं. आमच्याकडे पाप दिसण्यावर अवलंबून होतं.

श्रावणातल्या एका शुक्रवारी मामी मला महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला घेऊन गेली. तिथे एका बाई डॉक्टरांचं भाषण ठेवलं होतं. पांढरी वायलची साडी, बारीक अंगलट, आवाज खणखणीत. बोलणं पुण्याकडचं. बायकांना वाटलं बाळाच्या दुधाबद्दल वगैरे बोलतील. त्यांनी सरळ सुरुवात केली. ज्यांची पाळी बंद झाली आहे त्यांना पुन्हा एकदा जरी रक्त दिसलं, तरी त्याच आठवड्यात दाखवायला या. वय झालं म्हणून, उष्णता म्हणून घरी बसू नका. सुरुवातीला आलात तर बाई वाचवता येते.

उष्णता हा शब्द ऐकला आणि माझ्या हातातली वाटी कलंडली. भिजवलेले हरभरे सतरंजीवर घरंगळले.

डॉक्टर पुढेही बोलल्या. परदेशात म्हणे आता काचेच्या पट्टीवर आतला ओलावा पुसून घेतात, सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, आणि दुखायच्या, रक्त जायच्या कितीतरी आधी सांगतात की इथे काही बिघडतंय. आपल्याकडेही ते दिवस येतील, गावोगाव येतील. "पण ते येईपर्यंत," त्या म्हणाल्या, "तुम्हाला डोळे आहेत आणि तोंड आहे. तेवढं वापरा."

बायकांनी डोळे हरभऱ्यांकडे लावले आणि तोंडाला पदर लावला. डॉक्टर बसल्याबरोबर अध्यक्षीणबाई लगबगीनं उठल्या आणि पुढच्या शुक्रवारी पाकातल्या चिरोट्यांचं प्रात्यक्षिक आहे असं त्यांनी जाहीर केलं. तेव्हा कुठे सभेत जीव आला. वाटेत मामी म्हणाली, "बाई शिकलेली आहे, पण चारचौघींत काय बोलावं ते समजत नाही तिला." पुढच्या शुक्रवारी चिरोट्यांना भाषणाच्या दुप्पट बायका होत्या.

मी मात्र त्याच दिवशी पत्र लिहायला बसले. माझ्याकडे डोळे होते, तोंड होतं आणि वर पोस्टकार्डही होतं. पण आमच्या घरी पत्र आलं की काका ते ओसरीवर मोठ्यानं वाचत. मग ते कोणाच्याही नावानं असो. समोर वडील, भाऊ, एखादा यजमान, बायका दाराआड. ते रक्त हा शब्द वाचतील, तो माझ्या हातचा असेल, आणि वडील पुन्हा आढ्याकडे पाहतील. मी एक कार्ड फाडलं. दुसरं फाडलं. तिसऱ्यावर लिहिलं, काकूंच्या प्रकृतीला आता उतार आहे का, त्यांना एकदा डॉक्टरांना दाखवावे असे वाटते. इतकं सभ्य, इतकं गोंडस पत्र मी आयुष्यात पुन्हा लिहिलं नाही. आठवड्यानं काकांच्या वळणदार अक्षरात उत्तर आलं. सर्व कुशल आहे. काकूंना किंचित उष्णता आहे. अभ्यासाकडे लक्ष द्यावे.

मी अभ्यासाकडे लक्ष दिलं. दिवाळीच्या सुट्टीला अजून अडीच महिने होते. आगगाडी रोज जात होती. बडनेऱ्याला बदलली की दुपारपर्यंत अमरावती. मी एकाही शनिवारी बसले नाही. तोंडानंच सांगू, भेटल्यावर सांगू, असं स्वतःला समजावत राहिले.

दिवाळीला गेले तेव्हा काकूच्या लुगड्याच्या घड्यांत कापूर ठेवलेला होता. कापराखालचा वास तरी लपत नव्हता. चेहरा फिकट झाला होता, कंबरेला हात लावून उठायची. तरीही चुलीपुढे तीच. मी तिला मागच्या पडवीत नेलं आणि डॉक्टर बोलल्या तसं सगळं सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "अगं, मले वाटलं आता विटाळ नाही म्हणजे काही नाही." शास्त्रावर तिचा विश्वास होता. काकांवरही होता, पण तो त्यापेक्षा थोडा कमी होता असं मला वाटतं, कारण ती लगेच म्हणाली, "यांना सांगू नको. राजराजेश्वराच्या दर्शनाला अकोल्याला जायचं म्हण."

देवासाठी काकांनी एका शब्दात परवानगी दिली. वर प्रसाद आणायला सांगितलं.

डॉक्टरबाईंनी काकूला तपासलं, हात धुतले आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. विचारलं, "पहिल्यांदा केव्हा दिसलं? आठवतंय?"

"न आठवायला काय झालं?" काकू म्हणाली. "गेल्या वर्षी. भाद्रपद शुद्ध षष्ठी. महालक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी सकाळी. साऱ्यांना माहीत हाये."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. त्या माझ्याकडे वळल्या, "साऱ्यांना?"

मी मान हलवली.

"तेव्हा आणायचं होतं," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. गर्भपिशवीच्या तोंडाशी होतं आणि आता सगळीकडे पसरलं होतं. मुंबईला नेऊन किरण देता येतील, थोडा आराम पडेल, एवढंच त्यांनी सांगितलं. काकूनं विचारलं, "किती दिवस लागतील मुंबईले? मार्गशीर्षातले गुरुवार हायेत."

काकांना खरं सांगितलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं, तुम्ही देवाचं नाव घेऊन खोटं बोललात? मग मुंबईचं त्यांनी विचारात घेतलं, आणि ते विचारातच राहिलं. काकू माघापर्यंत चुलीपुढे उभी राहत होती. फाल्गुनात गेली. शेवटचे वीस दिवस मी कॉलेज बुडवून घरीच होते. तिचं अंथरूण मागच्या पडवीतच होतं, वासामुळे. त्याच न्हाणीजवळ. माळीण रोज यायची, टोपली बाहेर ठेवून उंबरठ्याच्या त्या बाजूला बसून राहायची. "मी सांगितलं होतं" असं ती एकदाही बोलली नाही. ती बोलली असती तर मी तिच्या पाया पडले असते.

काकू गेल्याच्या चौथ्या दिवशी आई न्हाणीत भांडी घासत होती. मी राख द्यायला गेले. तिनं वर न बघता म्हटलं, "ऐक. मलेही होऊन राहिलं. दोन महिने झाले." तिचीही पाळी जाऊन वर्ष झालं होतं.

मी तिच्या हातातला तांब्या काढून घेतला. दुसरं लुगडं दिलं आणि दुपारच्या गाडीला तिला घेऊन निघाले. काका ओसरीवरून ओरडले. सुतकात! दहावा व्हायचा आहे, आणि घरची सून गाडीत बसून गाव हिंडणार? मी दारात थांबून म्हटलं, "हो. आणि याला उष्णता म्हणू नका." वडील आढ्याकडे पाहत होते. मी त्यांनाही म्हटलं, "वर काही नाही बाबा."

डॉक्टरबाईंनी आईला तपासलं. आत मांसाचा एक लहानसा कोंब होता, तो काढला आणि तपासायला नागपूरला पाठवला. उत्तर येईस्तोवर आम्ही मामांकडे राहिलो. काकूचा दहावा, तेरावा तिकडे झाला आणि आई त्याला नव्हती. ती दिवसभर मामीच्या मागच्या खोलीत बसून वाती वळायची. किती वळल्या त्याला गणती नाही. शेवटी निरोप आला की वाईट काही नाही. साधा कोंब होता.

घरी आलो तेव्हा काका ओसरीवरच होते. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "काहीच निघालं नाही ना? मग तेराव्याला घर उघडं टाकून एवढा तमाशा कशाला केला?"

आजही हेच ऐकते मी. हिवरखेडला तपासणीचं शिबिर लागो की अंजनगावला, बाया परत येतात आणि घरचे विचारतात, निघालं का काही? नाही ना? मग गेलीस कशाला? चांगले पदवीधर लोक विचारतात. काही न निघणं म्हणजे फुकट गेलेली फेरी असं ज्यांना वाटतं त्यांना रक्ताच्या थेंबाचं यंत्र द्या नाहीतर सोन्याचं द्या. माझ्या आईचं काही निघालं नाही. ते ऐकण्यासारखं सुंदर वाक्य मी जन्मात ऐकलं नाही. काका मात्र नाक मुरडून आत गेले.

त्या संध्याकाळी आई काकूच्या चुलीपुढे बसून भाकरी करत होती. मी शेजारी बसले होते. ती पिठाचा गोळा हातात धरून थांबली आणि म्हणाली, "मी सांगितलं त्याच दिवशी मले नेलं तू. मग काकूंना काहून नाही नेलं आधी?"

"मला श्रावणापासून माहीत होतं," मी म्हटलं. "पण लिहू कसं? काका पत्रं मोठ्यानं वाचतात ना."

आईनं भाकर थापली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"हो," ती म्हणाली. "वाचतात."